भिडेचे ओझे

भोपाळच्या मराठी वस्तीत परदेशगमनाचे अप्रूप आता उरलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतील मंडळी बिऱ्हाडबाजले आवरून या तळ्याकाठच्या गावी राहावयास आली, तेव्हा आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना नागपूर ते भोपाळ हाच प्रवास परमुलखात गेल्यासारखा वाटला होता. पाटा-वरवंट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सारे काही सोबत आले. त्यांच्याच नाती-पणत्या आज पाठीवर एक पिशवी टाकून म्युनिकला, टोरांटोला, मेलबर्नला जातात, आणि बहुतेक वेळा एकट्याच जातात.

प्रवासाची साधने बदलली, तरी निरोपाच्या वेळचा उपदेश मात्र बदललेला नाही. चोरांपासून जप, रात्री बाहेर पडू नकोस, कुणावर विश्वास ठेवू नकोस, स्वेटर घाल. हा उपदेश चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. स्वेटर तर घालावाच. तथापि गेल्या काही वर्षांत आमच्या व आप्तांच्या घरांतून पाच-सहा मुलेमुली एकेकटी परदेशी रवाना झालेली आम्ही जवळून पाहिली, आणि आमचे मत असे बनले आहे की त्यांना अपाय संभवतो तो परक्यांच्या दुष्टाव्याइतकाच आपल्या भिडस्तपणामुळे. वडीलधाऱ्यांना नाही म्हणू नये, उलट प्रश्न विचारू नये, अनोळखी माणसाला तसदी देऊ नये, हे संस्कार आपण मोठ्या कष्टाने करतो. विमानतळावर नेमके तेच आड येतात.

याचा पहिला प्रत्यय बॅगा भरतानाच येतो. घरचे कुणी परदेशी जाणार ही वार्ता अरेरा कॉलनीपासून पिपलानीपर्यंत पसरावयास दोन दिवस पुरतात, आणि तिसऱ्या दिवसापासून पुड्या येऊ लागतात. कुणाच्या भाच्याला मेतकूट, कुणाच्या सुनेला डिंकाचे लाडू, कुणाच्या जावयाला न विसरता द्यावयाचे एक पाकीट. प्रत्येक पुडी ‘एवढीशी’ असते. तीत काय आहे हे विचारणे म्हणजे देणाराच्या सचोटीवर संशय घेणे, असा आपल्याकडील समज आहे. परदेशच्या जकात अधिकाऱ्याला हा समज ठाऊक नसतो. ज्याच्या सामानात वस्तू सापडली, जाब त्याला द्यावा लागतो. ‘दुसऱ्याने दिली’ हे सांगणे सोपे, सिद्ध करणे फार कठीण.

मुंबईच्या एका तरुण जोडप्यावर हा प्रसंग ओढवला, तो वृत्तपत्रांतून पुष्कळांच्या वाचनात आला असेल. २०१९ साली ती दोघे कतारला सहलीस निघाली. जवळच्या नात्यातील एका बाईने त्यांच्यापाशी एक पुडके दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोंहून अधिक चरस निघाला आणि दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. ती मुलगी त्या वेळी गरोदर होती. तिचे बाळ तुरुंगातच जन्मले. पुढे भारतातील तपासातून खरा प्रकार उजेडात आला, कतारच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि एप्रिल २०२१ मध्ये ती तिघे मायदेशी परतली. नात्यातल्या माणसाला ‘उघडून दाखवा’ असे म्हणवले नाही, एवढ्यावरून जवळजवळ दोन वर्षे गेली.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे चरस कोण देणार? मान्य आहे. परंतु अनारसे तर देणार! आणि अनारशांवर खसखस असते. जी खसखस आपल्या स्वयंपाकघरात मिठामोहरीच्या शेजारी बसते, ती संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापुरात निषिद्ध पदार्थ आहे, कारण ती अफूच्याच झाडाचे बी. युरोपीय संघाच्या देशांत दूध व दुधाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत. तेव्हा पेढ्यांचा पुडाही अडतो. ज्या गृहिणीने तो प्रेमाने बांधून दिला तिच्या हे स्वप्नातही नसते, आणि निष्पापपणाने दिलेली वस्तूही अधिकाऱ्यापुढे वस्तूच असते.

दोन वर्षांपूर्वी आमची धाकटी पुतणी शिक्षणासाठी जर्मनीस निघाली, तेव्हा हा प्रश्न आमच्याच दिवाणखान्यात उभा राहिला. आमच्या थोरल्या वहिनींचा एक भाचा तिकडेच असतो. त्याच्या पाठदुखीवर वहिनींनी कुण्या वैद्यांकडून पूड आणविली होती. बिनचिठ्ठीची, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली.

“अगं, पाव किलोसुद्धा नाही. तुझ्या स्वेटरच्या घडीत बसेल,” वहिनी म्हणाल्या.

“घडीत बसेल हो, मोठ्या काकू. पण ही काशाची पूड आहे म्हणून कुणी विचारलं, तर मी काय सांगू?”

“सांग, काकूंनी दिली आहे.”

सारे हसले. पुतणी हसली नाही. तिने पिशवी दोन्ही हातांनी वहिनींच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, “रागावू नका. ही मी नेणार नाही.”

तिच्या आईवडिलांनी मागाहून तिला सुचविले की आता घे, मग इथेच काढून ठेवू. आपल्याकडील नेहमीची तोड. तिने तीही मानली नाही. काकू भाच्याला फोन करून विचारणार, मग खोटे किती दिवस बोलायचे, असे तिचे म्हणणे. आम्ही तिच्या बाजूने बोललो, ते वहिनींना अधिकच लागले. “भाऊजी, कालची पोर मला चोर ठरवते आणि तुम्ही मान डोलावता,” एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यानंतर आठ-नऊ महिने दोन घरांत बोलणे नव्हते. दिवाळीच्या फराळाचे ताट त्यांनी शेजारच्या मुलाच्या हाती पाठविले. ‘नाही’ म्हणण्याची किंमत काही थोडी नसते, आणि ती मुलीने एकटीनेच का द्यावी?

अशा वेळी आम्हांस आनंदीबाई जोशी आठवतात. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीवर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव मागेच राहिले होते. निघण्यापूर्वी सेरामपूर येथे त्यांनी जे जाहीर भाषण केले, त्यात लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडून एकेकाचे उत्तर दिले. एकटी का जातेस, हा त्यांतील एक प्रश्न. परदेशी काही अनिष्ट ओढवले तर काय करशील, हा दुसरा. विवाहित ब्राह्मण स्त्रीने भर सभेत उभे राहून अशी उत्तरे द्यावीत, हीच त्या काळी भिडेला दिलेली रजा होती. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी अंधारात उडी घेतली नव्हती. अमेरिकेतील कार्पेंटरबाईंशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. त्या बाईंना त्या मावशी म्हणत. बोट धक्क्याला लागली तेव्हा ही मावशी न्यावयास आली होती. जेथे जावयाचे तेथील एक घर आधी आपलेसे करून ठेवणे, ही त्यांची तयारी आजही कालबाह्य झालेली नाही.

आमच्या पुतणीने हेच आपल्या परीने केले. विद्यापीठातील दोन मराठी विद्यार्थिनींशी तिने आधीच ओळख करून घेतली होती, आणि कोणत्या गाडीने, किती वाजता पोहोचणार हे त्यांना कळविले होते. त्याआधीच्या वर्षभरात तिच्या वडिलांनी तिला दोनदा एकटीला राणी कमलापती स्टेशनावरून दिल्लीस पाठविले. तिकिटापासून मुक्कामापर्यंत सर्व तिनेच पाहिले. हमालाशी, चौकशीच्या खिडकीशी, सहप्रवाशांशी बोलावे कसे, हे दिल्लीच्या वाटेवर शिकलेले फ्रँकफुर्टला उपयोगी पडते. तेथे विमानतळावर हिंदी बोलणारा एक सुवेष गृहस्थ तिची आस्थेने विचारपूस करू लागला आणि आपल्या गाडीने सोडतो म्हणाला. तो सज्जनही असेल. हिने आभार मानले, दोनदा ‘नको’ म्हटले आणि विमानतळाच्याच रेल्वे स्टेशनात जाऊन खिडकीवरच्या बाईंना गाडी विचारली.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती मूळ कागदांपासून वेगळ्या ठेवाव्यात, आणि एक संच घरी असावा. पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय वकिलातीत जावे. मायदेशी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र तेथे मिळू शकते. संकटात फिरवावयाचा क्रमांक युरोपात ११२, अमेरिकेत ९११. वकिलातीचा पत्ता व फोन कागदावर लिहिलेला असावा, कारण मोबाइल नेमका हवा तेव्हा बंद पडतो.

आणि भीड फोनवरूनही साधली जाते. पोलीस, इमिग्रेशन किंवा वकिलात यांचे नाव घेऊन दरडावणारे फोन हल्ली मुलांना तिकडे आणि आईबापांना इकडे येतात. अधिकारी म्हणतो म्हणून फोन ठेवणे उद्धटपणाचे वाटते. बोलणे लांबते, आणि शेवटी पैशांची मागणी होते. कोणतेही खरे सरकारी खाते फोनवरून असा दंड वसूल करीत नाही. खुशाल फोन ठेवावा व आपण होऊन खऱ्या क्रमांकावर चौकशी करावी.

गेल्या वर्षी वहिनींवरच ही पाळी आली. त्यांची मुलगी अमेरिकेत, तिचे पहिले बाळंतपण. वय सदुसष्ट, इंग्रजी बेताचे, आणि जन्मात एकटीने इंदूरपलीकडे गेलेल्या नाहीत. त्यांनी आम्हांस काही विचारले नाही; थेट जर्मनीस पुतणीला फोन लावला. मग रोज रात्री तासतासभर बोलणे चाले. चाकाची खुर्ची विमान कंपनीकडे आधी सांगून ठेवावी, तिला पैसे पडत नाहीत. मुलीचा पत्ता व औषधांची नावे इंग्रजीत लिहून पर्समध्ये ठेवावीत. अधिकाऱ्याचे बोलणे कळले नाही तर मान न डोलावता दुभाषा मागावा. खाण्याचे जिन्नस आहेत काय असे विचारले तर आहेत म्हणून सांगावे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भेटावयास गेलो, तर शेजारच्या बाई न्यू जर्सीतल्या मुलासाठी चिकटपट्टीने बंद केलेला डबा घेऊन बसल्या होत्या. वहिनींनी डबा हातात घेतला, जरा हलवून पाहिला.

“काय आहे हो यात? उघडा बघू.”

बाई क्षणभर बघतच राहिल्या. चिकटपट्टी निघाली, बेसनाचे लाडू होते. वहिनींनी ते एकेक मोजून आपल्या स्टीलच्या डब्यात काढून घेतले आणि रिकामा डबा पुसून शेजारणीला परत दिला.