ड्रॅगन आणि राखणदार

आमच्या चिरंजीवांना मार्व्हलच्या कॉमिक्सचं वेड आहे. वय वर्षे तेरा. सध्या त्याने एका दोनशेपानी वहीत मार्व्हलमधल्या ड्रॅगनांची यादी चालवलीय. नाव, पहिला अंक, साल, आणि शेवटचा रकाना 'चांगला की वाईट'. दिवसभर कचेरीत रकाने भरून आलेल्या बापाला घरीही रकानेच! पण एक दिवस चहा पिता पिता ती वही वाचायला घेतली आणि मीच त्यात अडकलो.

पहिला मान फिन फँग फूमचा. १९६१ साली 'स्ट्रेंज टेल्स'च्या ८९व्या अंकात तो आला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीचं अपत्य. नाव ऐकायला चिनी, पण पाठीला पंख. आता चिनी ड्रॅगनला पंख नसतात हो! तो लांबलचक, सर्पाच्या अंगाचा, नदीत-समुद्रात राहणारा आणि पाऊस पाडणारा. चीनमध्ये चार समुद्रांचे चार नागराजे आहेत, अवर्षण पडलं की त्यांना साकडं घालत. पंखवाला, सोन्यावर बसून आग ओकणारा आणि शेवटी एखाद्या संताच्या भाल्याने मरणारा, तो युरोपचा. कर्बीने धड युरोपचं घेतलं, नाव चीनचं दिलं, आणि वर चड्डी नेसवली!

कथा तर शीतयुद्धाचीच. तैवानवर कम्युनिस्ट चीन चाल करून येणार असतो. एक तरुण थडग्यात झोपलेल्या या ड्रॅगनला जागं करतो, त्याला चिडवत चिडवत शत्रूच्या छावणीपर्यंत नेतो आणि काम झाल्यावर जडीबुटीने पुन्हा झोपवतो. म्हणजे चिन्यांच्या देवानेच चिन्यांना तुडवायचं. पुढे तो परग्रहावरून आलेला निघाला. मँडरिन नावाच्या खलनायकाच्या दहा अंगठ्याही तसल्याच ड्रॅगनवंशीयांच्या यानात सापडलेल्या. देवाचं देवपण काढून घ्यायचं असेल तर त्याला परग्रहावर पाठवावं, हा त्यातला सोपा मार्ग. चिरंजीवांच्या वहीत फूमपुढे 'वाईट', पण कंसात 'कधी कधी बरा'.

१९७४चा शाऊ-लाओ वेगळा. कुन-लुन या गूढ नगरीतला. डॅनी रँड त्याच्याशी झुंजतो, त्याच्या पेटत्या हृदयात हात घालतो आणि आयर्न फिस्ट होतो. शक्ती हवी तर ड्रॅगनला मारा, असा हिशेब. मग १९८३मध्ये एक्स-मेनमध्ये आला लॉकहीड, मांजराएवढा, जांभळा. एकट्या पडलेल्या किटी प्राइडला तो परक्या ग्रहावर वाचवतो आणि तिच्याबरोबर घरी येऊन राहतो. हा आमच्या चिरंजीवांचा लाडका, नावापुढे तीन वेळा 'चांगला'.

वहीतली शेवटची नोंद २०२१च्या 'शांग-ची' सिनेमाची. तो आम्ही घरीच टीव्हीवर बघितला. मी अर्धवट झोपेत होतो, पण ता-लो गाव आलं आणि सरसावून बसलो. शांग-चीची आई या गावची. ती वारलेली आहे. बाप वेनवू मात्र ऐकतो की बायको आपल्याला हाक मारतेय, डोंगरातल्या बंद दारामागून. टोनी लिअंगने हा नवरा असा काही केलाय की त्याचा राग येत नाही. दारामागे खरं तर आत्मे गिळणारं एक भूत कोंडलेलं आहे, आणि हाक त्याचीच. ते दार गाव राखतं आणि गावाला राखतो तळ्यातला ड्रॅगन. पांढरे खवले, तांबडी आयाळ आणि पंख नाहीत! साठ वर्षांनी का होईना, मार्व्हलला चिनी ड्रॅगन पाण्यातच असतो हे उमगलं. त्याला नाव असं नाहीच. नुसतं 'ग्रेट प्रोटेक्टर' म्हणतात.

मुलगा एकदम म्हणाला, "पपा, हो आमचो राखणदार न्हय?"

मी गप्प. आमच्या गावच्या कुळागरात, पाटाच्या कडेला, एका जुन्या झाडाखाली राखणदाराची जागा आहे. मूर्ती नाही, नुसता दगड. कधी म्हाताऱ्याच्या रूपाने, कधी सर्पाच्या रूपाने तो फिरतो असं आई सांगायची. वर्षातून एकदा रोट भाजून, नारळ घेऊन जायची. मी बी. ए.ला असताना तिला सुनावलं होतं, "साप तो साप, त्याला कसली भाकरी?" ती काही बोलली नाही. दिवा उचलला आणि चालू लागली.

आईला जाऊन चार वर्षं झाली. चारही वर्षं रोट गेलेला नाही. रजा नव्हती, पाऊस होता, गाडी बिघडली होती. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत, आमच्या खात्यात त्यांची कमतरता नसते.

"आता त्याला कोण देतं खायला?" मुलाने विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्याने वही ओढली आणि यादीत आणखी एक ओळ घातली. नाव, राखणदार. पहिला अंक, रिकामा. साल, रिकामं. 'चांगला की वाईट' या रकान्याशी मात्र पेन्सिल बराच वेळ थांबली. "हे आजीला विचारायला हवं होतं," म्हणाला आणि तोही तसाच सोडला.

रात्री थोरल्या बहिणीला फोन केला. रोट कसा करतात? ती आधी हसली, मग जरा वेळ काही बोललीच नाही. मग सांगू लागली. तांदळाचं पीठ, खोबरं, तवा आधी चांगला तापू दे. रविवारी सकाळी लवकर जा, उन्हं चढायच्या आत. पोराला बरोबर ने.

"आणि रोट ठेवून परत फिरलास की मागे वळून बघू नकोस," फोन ठेवता ठेवता म्हणाली. "कोणी हाक मारल्यासारखं वाटलं तरी."