शंभर रुपयांचे चलन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जरीपटक्यातल्या एका कापडाच्या दुकानात जाऊन पेढा खायचा, हा माझा बरीच वर्षे चालत आलेला नेम आहे. दुकानाचे मालक सिंधी. सारी गल्ली त्यांना दादा म्हणते. पूजेच्या पाटावर चोपडी असते, नाण्यांची थैली असते, झुलेलालची तसबीर असते. आणि या मानकऱ्यांच्या पंक्तीत एक घडीचा कागदही असतो. जागेचे खरेदीखत असेल, असे मला प्रथम वाटले होते. पण ते निघाले शंभर रुपये भरल्याचे चलन!

"दादा, शंभर रुपयांची एवढी पूजा?" मी थट्टेने विचारले.

"मास्तर, हिंदुस्थानचा नागरिक होण्याची फी आहे ती," ते म्हणाले.

दादांचे काका फाळणी होताच नागपूरला आले. १९ जुलै १९४८ पूर्वी जे आले आणि इथेच राहिले, त्यांना राज्यघटनेने आपोआप नागरिक मानले. ना अर्ज, ना फी. दादांचे वडील मात्र सिंधमधल्या जमिनीच्या मायेने मागे राहिले. त्या मायेचे व्याज मुलाने फेडले. दादा १९९९ साली आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन आले. एकाच घरातले दोन भाऊ. एकाचा वंश नागरिक, दुसऱ्याचा व्हिसावर!

त्या काळी अर्जाची फी प्रकाराप्रमाणे तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत होती. पाच माणसांचा हिशेब दादा रात्री दिव्याखाली मांडत आणि सकाळी पुसून टाकीत. मग २०१६ च्या डिसेंबरात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी ती सरसकट शंभर रुपये झाली. अर्ज निकालात काढण्याचे अधिकार ज्या सोळा जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, त्यांत नागपूर होते. या यादीबाहेरच्यांसाठी दर जुनेच राहिले. म्हणजे कागद तोच, शाई तीच. पण दार कुणासाठी किती उघडायचे ते फीच्या आकड्याने ठरवले.

२०२५ सालच्या दिवाळीत हे सारे मला पुन्हा आठवले, ते लंडनहून आलेल्या पुतण्याच्या फोनमुळे. "काका, अर्ज केला. १,७३५ पौंड भरले," तो म्हणाला. जवळजवळ दोन लाख रुपये! शपथविधीच्या समारंभाचे १३० पौंड त्यातच धरलेले. त्याच वर्षी जर्मनीत मोठ्या माणसाला २५५ युरो पडत होते. अमेरिकेत ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर; मिळकत कमी असेल तर ३८०.

या आकड्यांत एखादे गणित असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. कारकुनाचा पगार, कागदाची किंमत, कचेरीचे भाडे, झाले! पण २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे निघाले ते असे : मुलाच्या नागरिकत्वनोंदणीचा सरकारी खर्च ३७२ पौंड आणि फी १,०१२ पौंड. वरचा पैसा देशात येणाऱ्या-राहणाऱ्यांच्या इतर व्यवस्थेसाठी. खर्चाहून जास्त फी घेण्याची मुभा तिथल्या संसदेनेच कायद्याने दिलेली. म्हणून २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती फी कायदेशीर ठरवली. पुढे त्याच वर्षी ऐपत नसलेल्या मुलांना माफीची सोय झाली, एवढे मात्र खरे.

तेव्हा मला वाटते, फी म्हणजे कागदाची किंमत नव्हेच. पाहुणा दारात आला की घरधनी त्याच्याकडे कसा पाहतो, ती नजर आहे ती. कुणाला तो गिऱ्हाईक दिसतो, कुणाला नातलग. आणि एकाच घराला एक पाहुणा नातलग, तर दुसरा परका दिसतो.

पुतण्याची हकिकत मी दादांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. चलन हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, महाग पडलं म्हणता, पण तुमच्या पुतण्याला भरता तरी आलं. आम्ही पाच जण आलो. चलनं मात्र चारच आहेत."

मी गप्प झालो.

"आईचा अर्ज मी मागे ठेवत गेलो. म्हटलं, तिला कुठे दुकान काढायचंय? आधी पोरांचं बघू. पैसे साठत, खर्च होत. २०१५ च्या पावसाळ्यात ती गेली. दीड वर्षानं फी शंभर रुपये झाली."

इतक्यात दादांच्या सूनबाईंनी पेढ्यांची बशी पुढे केली. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. दादांनी चलनाची घडी उलगडून कुंकवाचे बोट लावले, पुन्हा जपून घडी घातली आणि ती चोपडीत ठेवली. त्या पानावर, जमेच्या बाजूला नव्हे, नावेच्या बाजूला, शंभराची एक कोरी नोट जपून ठेवलेली मला दिसली.

ती कुणाची, हे मी विचारले नाही.