अस्थींचं एकत्र कुटुंब

कनान देशात अब्राहामाने विकत घेतलेली पहिली जमीन दफनासाठी होती. पत्नी सारा वारली, तेव्हा हा परदेशी मेंढपाळ हेब्रोनच्या वेशीत बसलेल्या हित्ती लोकांपुढे उभा राहिला. एफ्रोन नावाचा मालक मकपेलाची गुहा आणि लगतचं शेत तशीच द्यायला तयार होता. अब्राहामाने ते ऐकलं नाही. सगळ्यांसमक्ष 400 शेकेल चांदी तोलून दिली आणि मगच मूठमाती दिली. फुकट मिळालेली जागा उद्या कुणी परत मागितली, तर पुढच्या पिढ्यांनी कुठे जायचं? त्याच गुहेत पुढे तो स्वतः विसावला, मुलगा इसहाक आणि सून रिबका विसावले. नातू याकोब तर मिसरात मेला. तिथल्या रीतीप्रमाणे 40 दिवस त्याच्या देहात मसाले भरले गेले आणि मुलांनी त्याला तिथून मकपेलाला आणलं.

ही झाली बायबलमधली कथा. माझा विषय पुरातत्त्व, त्यामुळे माझा मुक्काम दगडापाशी. इसवी सनापूर्वी आठव्या ते सहाव्या शतकांतल्या यहूदा राज्यातल्या श्रीमंतांची थडगी डोंगराच्या कड्यात कोरलेली असत. वाकून आत शिरावं असं लहान दार, आत चौकोनी खोली, तिन्ही बाजूंना दगडी ओटे. शवपेटी नाही. देह थेट ओट्यावर, काही ठिकाणी डोक्याखाली दगडातच कोरलेली उशी. वर्षभरात हाडं मोकळी झाली की ती ओट्याखालच्या खड्ड्यात सरकवायची आणि ओटा पुढच्या माणसासाठी रिकामा करायचा. खड्ड्यात आजोबा, पणजोबा, काकू, लेकरं सगळी एकत्र. कुणाचं हाड कुठलं हे सांगणं अशक्य. मेल्यावरही माणूस एकत्र कुटुंबातच राही.

जेरुसलेममधल्या केतेफ हिन्नोम इथे 1979 साली पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्के यांना असा एक खड्डा लुटारूंच्या हातून वाचलेला सापडला. त्यात अनेक पिढ्यांच्या अस्थी होत्या, शेकडो भांडी होती, दागिने होते आणि गुंडाळलेले दोन चिमुकले चांदीचे पत्रे होते. ते उलगडायलाच काही वर्षं गेली. त्यांवर बारीक अक्षरांत ‘गणना’ या पुस्तकातल्या याजकांच्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर कोरलेला आहे. बायबलशी जुळणारा आज हाती असलेला हा सर्वांत जुना मजकूर, आणि तो मिळाला थडग्यात!

या भांड्यांचं मला विशेष वाटतं. देवासाठी काढलेल्या दशमांशातलं काही मृताला देऊ नये, असं बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक बजावतं. प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. तरीही थडग्यात दिवे आहेत, वाडगे आहेत, सुगंधी तेलाच्या कुप्या आहेत. नियम काही म्हणो, घरच्यांना आपलं माणूस रिकाम्या हाती पाठवावंसं वाटत नव्हतं.

दफन न मिळणं हा मरणापेक्षा मोठा शाप होता. यहोयाकीम राजाला गाढवासारखं ओढून वेशीबाहेर फेकतील, असं यिर्मया संदेष्टा सुनावतो. उलट, देहदंड झालेल्या गुन्हेगाराचं प्रेतही रात्रभर टांगून ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं, असा नियम होता. मारल्या गेलेल्या मुलांच्या उघड्यावर पडलेल्या देहांपाशी गोणताट अंथरून बसलेली रिस्पा नावाची आई दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकलत राहिली. शेवटी दावीद राजालाच त्यांच्या अस्थी गोळा करवाव्या लागल्या.

पुढे हेरोद राजाच्या काळात जेरुसलेममध्ये रीत बदलली. हाडं सामाईक खड्ड्याऐवजी चुनखडीच्या लहान पेटीत ठेवू लागले. पेटीची लांबी मांडीच्या हाडाएवढी आणि बाजूवर अनेकदा खरवडलेलं नाव. 1968 साली सापडलेल्या अशाच एका पेटीत येहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा अजून रुतलेला होता. रोमनांनी त्याला क्रुसावर दिलं, तरी घरच्यांनी त्याच्या अस्थी वेचल्या.

वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कड्यात खोली कोरणं ही पैसेवाल्यांची चैन होती. किद्रोन खोऱ्यातल्या ‘सामान्य लोकांच्या’ कबरींचा उल्लेख बायबलमध्येच आहे; त्या साध्या मातीतल्या असाव्यात, म्हणूनच त्यांचा मागमूस उरला नाही. आम्ही ज्याला बायबलकाळातली दफनरीत म्हणतो, ती बव्हंशी सधन घराण्यांची रीत आहे.