सामना संपला की सांगतो

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार जवळ आला, की आमच्या घरात दोन वस्तू बाहेर निघतात : माझा पिवळा-निळा मफलर आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र. मफलर मी काढतो, यंत्र पत्नी काढते. ही प्रथा आमच्या घरी कशी पडली, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या गावी राहतो. १९७५ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरहून येथील मिशिगन विद्यापीठात अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी आलो आणि पुढे याच परिसरात नोकरी केली. पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर वसतिगृहातील मित्रांनी मला फुटबॉलच्या सामन्याला नेले. येथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू घेऊन धावायचे किंवा तो पुढे फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे आणि न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करायचा. घड्याळाप्रमाणे खेळ साठ मिनिटांचा, परंतु थांबत थांबत तो साडेतीन तास चालतो. खेळणारे विद्यापीठाचे विद्यार्थी आणि पाहणारे लाखाहून अधिक. १९२७ साली सुरू झालेले आमचे स्टेडियम बरेचसे जमिनीत खोदलेले आहे. दारातून आत पाऊल टाकताच पायांखाली उतरत गेलेला माणसांचा समुद्र दिसतो. लहानपणी आजीचे बोट धरून पंढरपूरची आषाढी पाहिली होती. त्यानंतर इतकी माणसे एका सुरात ओरडताना मी प्रथमच पाहत होतो.

शेजारच्या ओहायो राज्याच्या विद्यापीठाशी होणारा सामना हा येथील वर्षाचा सण. त्या वर्षी आम्ही १४ विरुद्ध २१ गुणांनी हरलो.

‘आम्ही’ हा शब्द लेखणीतून आपसूक उतरला. मी तर आयुष्यात कधी त्या चेंडूला हात लावलेला नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेल्या सात विद्यापीठांत मिशिगन आणि ओहायो ही दोन्ही होती. संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसत. विजयाविषयी बोलताना ‘आम्ही जिंकलो’ असे तोंडी येई आणि पराभवाविषयी बोलताना ‘ते हरले’. माझे ‘आम्ही’ मात्र पराभवातही सुटले नाही. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या मुलाला त्या थंड गावात ज्या गोष्टीने प्रथम आपल्यात ओढून घेतले, ती ही होती. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. शरद ऋतूतले शनिवार मात्र तसेच राहिले.

आता २६ नोव्हेंबर २०१६ च्या शनिवारची गोष्ट. माझे वय तेव्हा चौसष्ट. सामना ओहायोतील कोलंबस शहरात होता आणि आम्ही घरीच दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. गुरुवारच्या सणासाठी मुलगी आलेली होती. दुपारी बाराला सामना सुरू झाला. तिसऱ्या क्वार्टरच्या सुमारास माझ्या छातीच्या मध्यभागी काहीतरी जड ठेवल्यासारखे वाटू लागले. दुखत नव्हते, दाबले जात होते. पत्नीने विचारले, “अहो, चेहरा असा का दिसतोय?”

“काही नाही. पित्त झालंय. सामना संपला की सांगतो.”

सामना संपेना. निर्धारित वेळेअखेर १७-१७ अशी बरोबरी झाली. या दोन संघांच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात प्रथमच जादा वेळ खेळावा लागणार होता. पहिल्या जादा डावानंतर २४-२४. दुसऱ्यात आमचे तीन गुण झाले. मग ओहायोच्या खेळाडूने चौथ्या प्रयत्नात एक यार्डासाठी झेप घेतली. तो पोहोचला की नाही, हे बोटाच्या पेरांनी मोजण्याजोगे अंतर होते. पंचांनी चित्रफीत पुन्हा तपासली आणि निर्णय त्यांच्या बाजूने दिला. पुढच्याच खेळीत आम्ही ३०-२७ असे हरलो. डावा खांदा एव्हाना भरून आला होता. बाहेर कडाक्याची थंडी असताना माझ्या सदऱ्याची मान ओली चिंब होती. मुलीने ती पाहिली आणि एक शब्द न बोलता रुग्णवाहिकेला फोन लावला. मी तेव्हाही म्हणालो, “अगं, हरलो ना, म्हणून असं होतंय.”

हृदयाच्या एका रोहिणीत गुठळी अडकली होती. त्याच संध्याकाळी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारले, “त्रास कधी सुरू झाला?” मी वेळ सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि समजावले, की रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो आणि मेलेला स्नायू पुन्हा येत नाही. माझ्या हृदयाचा एक तुकडा त्या दोन तासांत कायमचा गेला आहे. आज स्टेडियममधील वरच्या रांगेपर्यंत मी चढू शकत नाही.

पत्नी रुग्णालयात काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुम्ही सामना पाहत होतात, त्याचा मला राग नाही. मी शेजारी बसले होते आणि तुम्ही मला खोटं सांगत होतात.” चाळीस वर्षांच्या संसारात इतके खरे वाक्य मी ऐकले नव्हते. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बरे होताना मी या विषयावर वाचू लागलो. २००६ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जर्मनीत झाली, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांची नोंद ठेवली होती. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी त्या नेहमीच्या सुमारे २.७ पट झाल्या होत्या, पुरुषांमध्ये तिपटीहून अधिक. सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे ठरले, आणि ज्यांना हृदयरोग आधीपासून होता, त्यांना धोका अधिक होता. कारण अवघड नाही. मनाचा ताण वाढला, की शरीरात ॲड्रेनलिन उसळते, नाडी धावते, रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक प्राणवायू लागतो. रोहिणी आधीच अरुंद झाली असेल, तर ती तो पुरवू शकत नाही. कधी तिच्या भिंतीवरील मेदाचा थर फुटतो आणि तेथे गुठळी जमते. सोफ्यावर बसलेला माणूस धावत नसला, तरी त्याचे हृदय धावत असते.

मला आमच्या संघाचे जुने प्रशिक्षक बो शेमबेक्लर आठवले. १९६९ हे त्यांचे मिशिगनमधील पहिले वर्ष. त्यांनी ओहायोला हरवले आणि नववर्षदिनी कॅलिफोर्नियातील मानाच्या ‘रोझ बाउल’ सामन्यासाठी संघ नेला. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे १९७६ आणि १९८७ मध्ये त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाल्या. झटक्यानंतरही त्यांनी वीस वर्षे संघ सांभाळला आणि २००६ मध्ये, ओहायोविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या पहिल्या झटक्याच्या वेळी ते रुग्णालयात होते आणि सामना त्यांच्याशिवाय खेळला गेला. प्रशिक्षकावाचून ज्याचे अडले नाही, त्याचे सोफ्यावरच्या माझ्यावाचून काय अडणार होते?

रुग्णालयाच्या पुनर्वसन वर्गात मी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा जात असे. माझ्या शेजारच्या ट्रेडमिलवर एक वृद्ध गृहस्थ लाल टोपी घालून चालत. ते मूळचे कोलंबसचे, म्हणजे माझ्या शत्रुपक्षाचे. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांच्या टोप्यांकडे पाहिले आणि दोघांनाही हसू आले. त्यांनी एक युक्ती सांगितली. अटीतटीचा सामना ते आधी निकाल कळवून घेऊन दुसऱ्या दिवशी ध्वनिचित्रमुद्रण लावून पाहतात. मी विचारले, “निकाल कळल्यावर पाहायचं काय उरतं?” ते म्हणाले, “खेळ उरतो ना.”

पत्नीच्या मनात सामने बंदच करावेत असे होते. मुलीने मध्यस्थी केली. बाबांकडून हेही काढून घेतले, तर ते घरात बसून काय करतील, असे तिने आईला विचारले. मग आम्ही डॉक्टरांशी बोलून काही गोष्टी ठरवल्या. सामन्यापूर्वी गोळ्या घेतल्याशिवाय यंत्रणा सुरू करायची नाही. खारे वेफर, तळण आणि मद्य टेबलावर नको. प्रत्येक क्वार्टर संपल्यावर उठून घरातल्या घरात चालायचे. एकट्याने पाहायचे नाही. आणि छातीत, जबड्यात, खांद्यात किंवा पाठीत काहीही वेगळे वाटले, धाप लागली, घाम फुटला, तर त्याच क्षणी सांगायचे. सामना कितीही रंगात आलेला असो.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्यात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. केवळ मळमळ, अशक्तपणा किंवा दम लागणे एवढेच जाणवते. तुमच्या घरी फुटबॉल नसेल, क्रिकेट असेल, निवडणुकीचे निकाल असतील. आजोबा “पित्त झालंय” म्हणाले, तर ते मान्य करून स्वयंपाकघरात परतू नका. त्यांच्या कपाळाला हात लावून पाहा. शंका आली, तर स्वतः गाडी काढण्यापेक्षा रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

२७ नोव्हेंबर २०२१ रोजी ओहायोचा संघ ॲन आर्बरला आला. बर्फ पडत होते. २०११ नंतर आम्ही त्यांना एकदाही हरवलेले नव्हते. मी घरी, पत्नीच्या शेजारी. एव्हाना तिला चौथ्या प्रयत्नाचे महत्त्व माझ्याइतकेच कळू लागले होते. क्वार्टर संपला, की आम्ही दोघे बैठकीपासून मागच्या दारापर्यंत चालत जाऊन येत होतो. ४२-२७ असा विजय झाला आणि लोक कुंपणे ओलांडून बर्फाच्छादित मैदानावर धावले. मला रडू आवरेना. पत्नीने आधी माझे मनगट धरून नाडी पाहिली आणि मग स्वतःचे डोळे पुसले.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही त्यांना त्यांच्याच मैदानावर १३-१० असे पुन्हा हरवले. लाल टोपीवाल्या मित्राचा तो सलग चौथा पराभव. सामना संपताच मी त्यांना फोन केला. डिवचण्याचा मोह होताच. परंतु त्यांचा आवाज ऐकताच तोंडून निघाले, “गोळ्या घेतल्या का? काही होत नाही ना?”

“घेतल्या,” ते म्हणाले. “आज थेट पाहिला. एकदा छातीत जरा कसंसं वाटलं, तेव्हा लगेच बायकोला सांगितलं. डॉक्टरांकडे जाऊन आलो. तपासणीत काही निघालं नाही. शेवटची दहा मिनिटं तेवढी हुकली.”

“मग ती उद्या पाहा,” मी म्हणालो. “निकाल तर कळलेलाच आहे.”