बिइनबाई

पुएब्लाच्या मुलाशी लग्न ठरवल्याचं लेकीने सांगितलं, तेव्हा मी आधी नकाशा काढला आणि मग वही. मेक्सिकोतल्या त्या जावयाशी इंग्रजीत निभावलं असतं. त्याच्या आईला मात्र स्पॅनिशखेरीज काही येत नाही. मग काय, बासष्टाव्या वर्षी ऑनलाइन शिकवणी लावली. तिसऱ्याच तासाला बाईंनी ‘ला फामिलिया’ काढलं आणि गृहपाठ दिला : घरातल्या सगळ्यांची नावं मांडा, प्रत्येकाखाली नातं लिहा.

मी खूश. नाती म्हणजे आपला हातचा मळ! पण लिहायला बसले आणि हिरमोड झाला. काका ‘तिओ’, मामाही ‘तिओ’. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्या ‘तिआ’. माझी आत्या आणि मावशी हयातीत कधी एका खोलीत दहा मिनिटं टिकल्या नाहीत. इथे दोघींना एकाच शब्दात नांदायला लावलं होतं. दीर आणि मेहुणा दोघेही ‘कुन्यादो’. चुलत, मामे, मावस, आते ही सगळी भानगड एका ‘प्रिमो’त मिटवलेली. एवढी मोठी भाषा आणि घरात इतकी कंजूष, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

जावयाच्या आईशी पहिला व्हिडिओ कॉल झाला तो सकाळी आठला. त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. त्यांनी विचारलं, किती ‘एर्मानोस’? एर्मानो म्हणजे भाऊ, म्हणून मी दोन बोटं दाखवली. त्यांनी लग्नाच्या फोटोतल्या माझ्या बहिणीकडे बोट केलं, मग ही कोण? बिचारीला मी सख्ख्या नात्यातून बाद केलं होतं. एर्मानोस म्हणजे नुसते भाऊ नव्हेत, बहिणीसुद्धा त्यात आल्या. तसंच ‘पाद्रेस’ म्हणजे दोन बाप नव्हेत, आईवडील. अनेकवचन झालं की पुरुषाच्या शब्दात बायका धरायच्या. आपण त्यासाठी ‘भावंडं’ हा चक्क नपुंसकलिंगी शब्द ठेवलाय, याचा मला तेव्हा प्रथमच अभिमान वाटला.

दुसऱ्या कॉलला मी आणखी पराक्रम केला. झुपकेदार मिशांच्या गृहस्थांचा फोटो दाखवून उत्साहाच्या भरात मराठीतच म्हणाले, “हे माझे मामा!” पलीकडे शांतता. ‘मामा’ म्हणजे त्यांच्याकडे आई. मग दोघीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. आमची खरी ओळख झाली ती तिथे.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःकडे आणि मग माझ्याकडे बोट करून एक शब्द उच्चारला : कोन्सुएग्रा. ‘सुएग्रा’ म्हणजे सासू, हे मला येत होतं. पण ‘कोन’ लावून? पुढच्या तासाला बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलाची आई आणि मुलीची आई एकमेकींच्या कोन्सुएग्रा. म्हणजे विहिणी की हो! वडिलांसाठी कोन्सुएग्रो, म्हणजे व्याही. एवढी वर्षं इंग्रजीशी संसार केला, तिने हा शब्द कधी दिला नव्हता. तिथे जावयाची आई म्हणजे जावयाची आईच. आणि साडू? तोही होता : मेक्सिकोत ‘कोन्कुन्यो’. जाऊ ती ‘कोन्कुन्या’. जिला कंजूष म्हटलं तिने मानपान घेणारी नेमकी माणसं शब्दात जपली होती.

बाईंनीच पुढे सांगितलं, की लॅटिनमधून आलेली ‘नुएरा’ आणि संस्कृत ‘स्नुषा’वरून आलेली आपली ‘सून’ मुळात एकाच घरच्या. सुएग्रा आणि सासूचंही तसंच, आणि ‘निएतो’ आणि नातूचंही. तिओ मात्र ग्रीकांकडून आलेला. काका-मामा उसने घेतले, सासू-सुना घरच्याच ठेवल्या!

मी जावयाच्या आईला रोमन लिपीत ‘विहीणबाई’ लिहून पाठवलं. स्पॅनिशमध्ये ‘व’ आणि ‘ब’ एकच, शिवाय लिहिलेला ‘ह’ मुका. त्यामुळे मी झाले ‘बिइनबाई’. मी दुरुस्त केलं नाही. डिसेंबरात त्या पुण्याला येणार आहेत. विहिणींच्या पंगतीची तयारी मी आत्तापासून सुरू केली आहे.