श्रीनगर ते लेह : २५६ किलोमीटर

श्रीनगर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

नकाशावर सरळ रेघ मारली तर श्रीनगर आणि लेहच्या विमानतळांमधले अंतर सुमारे २५६ किलोमीटर भरते. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला तर हा वीस मिनिटांचा प्रवास. वेळापत्रकात मात्र पाऊण ते एक तास दिलेला असतो. माझे म्हणणे असे की, इथली वेळ किलोमीटर ठरवत नाहीत, डोंगर ठरवतात. श्रीनगरचा तळ साधारण १,६५० मीटरवर आहे, लेहचा ३,२५६ मीटरवर, आणि मध्ये हिमालयाच्या रांगा. त्यांच्या वर सुरक्षित उंची गाठायला शंभरेक किलोमीटर जातात, उतरायलाही तेवढेच. पूर्ण वेगाने सरळ उडायला वाव जेमतेम उरतो.

तुम्ही म्हणाल, मुंबई–संभाजीनगर हवाई अंतरही जवळपास एवढेच आहे आणि तिथे हिमालयाएवढे डोंगर नसताना तासभर लागतोच. खरे आहे. पण तिथला बराच वेळ मुंबईच्या गर्दीत, धावपट्टीसाठी थांबण्यात जातो. उद्या मुंबईची गर्दी हटली तर तो वेळ कमी होईल. इथल्या वाटेवरची झोजी ला खिंड मात्र कुणी हटवू शकत नाही. विमान कंपन्या वक्तशीर दिसण्यासाठी वेळ फुगवून लिहितात, हा आक्षेपही थोडाफार मान्य. तरी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

लेह

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पुढचा मुद्दा इथे आल्यावरच नीट मांडता येतो. लेहच्या धावपट्टीच्या पूर्वेला डोंगर असल्याने विमाने सहसा पश्चिमेकडून येऊन उतरतात आणि पश्चिमेकडेच उडतात. हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून कमी, त्यामुळे तेवढाच आधार मिळवायला विमानाला जमिनीलगत १५ ते २० टक्के जास्त वेगाने धावावे लागते. दुपारी हवा तापून आणखी विरळ होते, खोऱ्यात वारा सुटतो; म्हणून प्रवासी विमाने बहुतेक सकाळीच. सकाळ ढगांत गेली तर पाऊण तासाचा प्रवास चोवीस तासांचा होतो. याच खोऱ्यात २४ मे १९४८ रोजी भारतीय हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी लष्कराच्या जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा विमान उतरवले. त्या विमानात केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोयच नव्हती! त्या उड्डाणाचे मोल २५६ या आकड्यात कसे मावणार?

यावर शेवटचा आक्षेप उरतो : काही झाले तरी सव्वाचारशे किलोमीटरच्या रस्त्याला कारगिलच्या मुक्कामासह दोन दिवस लागतात, म्हणजे विमानाने दीड दिवस वाचलाच. मला हा हिशेब अपुरा वाटतो. तासाभरात सोळाशे मीटर वर आलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला एक-दोन दिवस विश्रांती द्यावीच लागते. रस्त्याने येणाऱ्यालाही ती चुकत नाही, पण कारगिलची रात्र सुमारे २,७०० मीटरवर काढल्याने त्याची थोडी सवय वाटेतच होते. ही विश्रांती प्रवासातच धरली, तर दोन्ही वाटांमधला फरक बराच कमी होतो. हिवाळ्यात बर्फाने झोजी ला बंद झाली की विमानाला पर्याय नाही, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही आणि आई येणार असाल तर श्रीनगरहून सकाळचेच विमान घ्या, आणि पहिले दोन दिवस पँगाँग सरोवराचा बेत आखू नका. त्या वाटेवर चांग ला ही खिंड लागते, ती ५,३०० मीटरहून उंच आहे.