अब्बांचा स्पेक्ट्रम

अब्बांच्या इंतकालानंतर माळ्यावर त्यांचा स्पेक्ट्रम प्लस सापडला. पुण्याच्या डेसीबेल्स कंपनीने १९८६ साली परवान्यावर आणलेला, ४८ केबीचा संगणक. सोबत एक कॅसेट. आमच्या लहानपणी अब्बांनी त्यावर उर्दू हरूफ काढले होते.

पण पडदा कुठला लावायचा? रत्नागिरीत आम्ही तीन मॉनिटर लावून पाहिले, पिन बदलणारी केबलही आणली. पडदा काळाच! मग कळलं, दोष कुणाचाच नव्हता. स्पेक्ट्रम टीव्हीच्या चालीने, अँटेनाच्या वाटेने, सेकंदाला १५,६२५ ओळी पाठवतो. व्हीजीए मॉनिटरला निदान ३१,५०० च्या आसपास लागतात. केबलने नुसतं तोंड बदलतं, बोली नाही.

शेवटी राजिवड्यातल्या एका घरी जुना, पेटीसारखा टीव्ही मिळाला. अँटेनाच्या जागी वायर खोचून चॅनल फिरवत राहिलो. एकाएकी पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं उमटली. कॅसेट लावली. टेप बराच वेळ किंचाळला आणि अलिफ दिसला, मागोमाग बे.

अम्मी चष्मा पुसत म्हणाली, "बेचा नुक्ता सरकलाय रे."

वर्गात आम्ही रोज मुलांचे नुक्ते दुरुस्त करतो. हा मात्र तसाच ठेवला.